दत्तक इंजिन

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आम्ही ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, त्या घराच्या जिन्याला पायऱ्यांचे नंबर आहेत, आणि ते वरून खाली घातलेले आहेत. एक नंबरची पायरी सगळ्यात वर. राहायला आलो त्या दिवशी मी घरमालकांना विचारलं, हे उलटं का?

"चढताना कोण पडत न्हाई, बाई," ते म्हणाले. "उतरताना पडतंय. दवाखान्यात इचारलं, कितवीवरनं पडला, तर सांगता आलं पायजे का नको?"

मी एका दूध संस्थेच्या हिशेब विभागात नोकरी करते. आकडे सरळ लागलेले असले की मला बरं वाटतं. उलटे लागलेले असले तर त्याला काही कारण असावं, एवढीच माझी अपेक्षा असते. इथं कारण होतं. मी हमालांना सामान वर न्यायला सांगितलं.

सगळी गल्ली त्यांना 'मालक' म्हणायची. भाडेकरू आम्ही एकटेच, पण ज्यांचा त्यांच्याशी काडीचा व्यवहार नव्हता तेही मालकच म्हणायचे. उभं आयुष्य त्यांनी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत काढलं होतं. तिथं ओतून निघालेल्या लोखंडी भागांवर नंबर ठोकतात. त्यासाठी पोलादी पंच असतात. बोटाएवढा जाड खिळाच म्हणा, टोकाला उलटा आकडा कोरलेला. लोखंडावर धरायचा, वर हातोडीचा एक ठोका, की आकडा उमटतो. निवृत्त होताना मालकांनी शाल-नारळ नको म्हणून सांगितलं आणि वापरून झिजलेला पंचांचा संच मागून घेतला. तो ते लग्नातल्या उपरण्यात गुंडाळून ठेवायचे.

"उपरणं माज्या लग्नातलं," मालकांची बायको, आमच्या काकी, म्हणायच्या, "आन् आत सवत."

'नंबर न्हाई ती वस्तू बेवारस' हे मालकांचं ब्रह्मवाक्य. नळ, कड्या, बिजागऱ्या, खोरं, पाटी, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार, सगळ्यांना नंबर होते. परसातल्या नारळाला ठोकता येईना, म्हणून त्याच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला. एकदा मी आमची लोखंडी बादली नळाखाली विसरले. परत आले तर तिच्यावर नंबर.

"मालक, ही बादली आमची आहे."

"तुमचीच हाय की. म्हणून तर घातला. आता हरवून दावा."

संचातला इंग्रजी चारचा पंच कधीतरी फरशीवर पडून त्याच्या उभ्या दांडीचं खालचं टोक उडालं होतं. त्यामुळे मालकांनी ठोकलेला चार जमिनीला टेकत नसे, एक पाय वर घेऊन उभा असल्यासारखा दिसे. काकी त्याला लंगडा चार म्हणत. नवा पंच आणा म्हटलं तर मालक चिडायचे. "लंगडा झाला म्हणून माणूस घरातनं काढत्यात व्हय?" आमच्या न्हाणीतल्या नळाचा नंबर चारच होता. रोज सकाळी दात घासताना तो माझ्या नाकासमोर असायचा. एवढी ओळख झाल्यावर माणूस काय, आकडाही विसरत नाही.

भात मालक फक्त आजऱ्याचा खायचे. सुगी झाली की आजऱ्याहून एक उंच, गप्प म्हातारे तांदळाचं पोतं घेऊन एसटीनं यायचे. मालक त्यांना पावणं म्हणायचे. "या पावणं. बसा पावणं. च्या घ्या पावणं." मग दोघं पुढच्या सोप्यात समोरासमोर बसायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. दुपारच्या गाडीनं पावणं परत. मी काकींना विचारलं होतं, हे कोण? काकी म्हणाल्या, "पावणं हाईत." आपल्याकडं रस्ता विचारणाऱ्यालाही पावणंच म्हणतात, तेव्हा मी पुढं खोदलं नाही. दोघांचे कान मात्र सारखेच होते, बाहेर आलेले, रिक्षाची दारं उघडी राहिल्यासारखे.

आणखी एक गोष्ट. मालक पाणी प्यायचे ते स्वतःच्या एका पितळी तांब्यातून. तो ते स्वतःच घासायचे, काकींनाही हात लावू द्यायचे नाहीत. त्या घरात नंबर नसलेली तेवढी एकच वस्तू होती. माझ्या स्वभावाप्रमाणे मी ती चूक दाखवून दिली. मालक म्हणाले, "आसू दे." एवढं मोजकं ते एरवी कधी बोलत नसत.

आता जीप.

जीप त्यांनी जुनी घेतली होती आणि 'मॉडिफाय' केली होती. आमच्याकडं गाडी मॉडिफाय करायची म्हणजे रुंद टायर, कपाळावर दिव्यांची रांग आणि शेजारच्या गल्लीत भांडी पडतील असा आवाज. मालकांची कल्पना वेगळी होती. ड्रायव्हरच्या जागी त्यांनी बंद पडलेल्या सलूनमधली फिरती खुर्ची बसवली होती. "मागं बगायला मान कशाला मोडायची? खुर्चीच फिरवायची." मागं पाण्याची टाकी आणि तिला नळ, अर्थात नंबर घातलेला. हॉर्नच्या जागी देवळातल्यासारखी पितळी घंटा होती. दोरी ओढली की ती वाजायची आणि दसरा चौकात म्हाताऱ्या बायका हात जोडून बाजूला व्हायच्या. माझा नवरा हायस्कुलात भूगोल शिकवतो. जगातल्या सगळ्या वाहनांत त्याला ही एकच गाडी हवी होती, आणि हे तो मालकांना सांगायला घाबरायचा.

मालकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि काकींनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. मग जीप विकायचं ठरलं. गिऱ्हाइकाला मालक 'स्थळ' म्हणायचे. इचलकरंजीहून एक यंत्रमागवाला आला. तरुण, गळ्यात साखळी, बोलायला मोकळा. जीपभोवती फिरून म्हणाला, "ही घंटाबिंटा काढून टाकतो. प्रेशर हॉर्न बसवतो."

मालकांनी आत आवाज दिला, "च्या नको ठेवू गं."

दुसऱ्या एकानं बॉनेट उघडायच्या आधीच शेवटची किंमत विचारली. "हुंडा आदी इचारतंय," म्हणून तेही स्थळ परत गेलं. असं बरंच चाललं. शेवटी एका रविवारी मालक जिना चढून वर आले. पायऱ्यांवर हात ठेवत आले, दिसत नव्हतं म्हणून. दारातच म्हणाले, "बाई, जीप तुमच्यात देतो. रोज नदरंसमोर ऱ्हाईल." माझ्या नवऱ्याच्या हातातून पेपर पडला.

गाडी माझ्या नावावर करायची ठरली, कारण कागदपत्रं मी करते. मालकी बदलायच्या अर्जाला इंजिन नंबर आणि चेसिस नंबरचा ठसा जोडावा लागतो. नंबरवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. एजंट म्हणाला, आम्ही करतो. मी म्हटलं, माझ्या नावावर होणारी वस्तू आहे, ठसा मीच घेणार.

चेसिसचा ठसा जसा यायला हवा तसा आला. एक आकडा गंजलेला, एक जरा खाली बसलेला, सगळे म्हातारे. मग इंजिनाचा घेतला. तो एका रेषेत, सारख्या अंतरावर, ताजा. आरसी बुकाशी ताडून पाहिला. आकड्याला आकडा जुळला.

माझ्या कामात आम्ही एक गोष्ट शिकतो. वर्षअखेरीला पहिल्याच फटक्यात जुळलेला ताळेबंद पुन्हा तपासायचा. मी देवघरातलं पोथी वाचायचं भिंग आणलं. नंबराखालचं लोखंड कानशीनं घासलेलं होतं, बारीक चरे स्पष्ट दिसत होते. आणि नंबरात दोन चार होते. दोन्ही लंगडे.

मी वर गेले, न्हाणीतला नळ बघितला, खाली आले, पुन्हा इंजिन बघितलं. शंकेला जागा नव्हती.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "नंबर जुळतोय ना? मग तुला टोचतंय काय?"

"जुळतोय तेच टोचतंय. इंजिनाचा नंबर घासून दुसरा कोण घालतं?"

"कोण?"

"ज्याची गाडी चोरीची असते तो."

तो खुर्चीत बसला. खालून काकींच्या भांड्यांचा आवाज येत होता. "मालक आणि चोरी?" तो म्हणाला. त्याच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. अर्ज भरून टाकावा, आरटीओत एवढं बारकाईनं कोण बघतं! ते खरंही असेल. पण खाली सही माझी असणार होती.

मी सरळ खाली गेले. मालक सोप्यात बसले होते.

"मालक, इंजिनावरचा नंबर तुम्ही ठोकलाय?"

"मग दुसरा कोण ठोकंल?" त्यांचा चेहरा खुलला. "कसा आलाय? एका रेघंत हाय का न्हाय?"

"आधीचा नंबर कुठं गेला?"

"घासला."

"का?"

त्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. इतकी शिकलेली बाई आणि एवढं कळू नये, असं. मग सांगितलं. जीपचं पहिलं इंजिन आंबोली घाटात फुटलं. दुसरं एका भंगारवाल्याकडं मिळालं. कुठल्याशा सरकारी खात्याची जीप लिलावात निघाली होती, तिचं. इंजिन उत्तम, पण नंबर वेगळा. "आता सांगा बाई, दत्तक आणल्यावर पोराला पयल्या घरचं आडनाव ठेवत्यात व्हय? आपल्या घरचं लावत्यात. जीपच्या बुकात जो नंबर, त्यो तेला लावला."

"मालक, ते इंजिन आहे."

"दत्तकच हाय ते," काकी आतून म्हणाल्या. "म्या ओटीत घेतलंय. नारळ, खण, सगळं केलंय. मांडीवर तेवढं बसवलं न्हाई. लई जड हुतं."

"आन् गल्लीला पेढं वाटल्यात," मालक म्हणाले.

ते पेढे मला एकदम आठवले. आम्ही नवीन राहायला आलो होतो तेव्हाची गोष्ट. काकी पेढा घेऊन वर आल्या होत्या. पुण्याला असते ती त्यांची मुलगी बाळंत झाली असेल म्हणून मी आनंदानं विचारलं होतं, "मुलगा की मुलगी?" काकींनी सांगितलं होतं, "डिझेल." मला वाटलं होतं, बिचाऱ्यांना ऐकू कमी येत असावं.

मी मालकांना समजावलं, की कायद्यात ही खाडाखोड होते. गुन्हा आहे. पोलीस केस होऊ शकते.

"गुन्हा लपवून करत्यात," ते म्हणाले. "मी पेढं वाटून केलाय. आवो, कोल्हापूरच्या गादीवर दत्तक बसल्यात, आन् सोनं केलंय ह्या गावाचं. तेंचा कुणी इंजिन नंबर घासून बगितला व्हय?"

मी एवढंच म्हणाले, की हे लपवून मी सही करणार नाही. सांगायचं असेल तर आरटीओत जाऊन आपणहून सांगावं लागेल.

"चला की. मी बी येतो. सायबास्नी बरं वाटंल ऐकून."

साहेबांना बरं वाटणार नाही हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. भीती होती ती हीच.

ठरलेल्या दिवशी मालक इस्त्रीचा सदरा आणि पांढरी टोपी घालून जीपमध्ये मागं बसले. गाडी माझा नवरा चालवत होता, सलूनच्या खुर्चीत, एका हातानं खुर्ची फिरू नये म्हणून खिडकी धरून. मालकांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. सरकारी कचेरीत पेढ्यांचा अर्थ वेगळा होतो, असं सांगून तो मी फाटकातच माझ्या पिशवीत टाकला.

तपासणी करणारे साहेब कडक इस्त्रीचे, कमी बोलणारे. त्यांनी आधी जीपला एक फेरी मारली.

"हे काय?"

"घंटा," मालक म्हणाले.

"ते दिसतंय. कशाला?"

"वाजवायला."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगितलं. घाटात फुटलेल्या इंजिनापासून डिझेलच्या पेढ्यापर्यंत, काही न वगळता. त्यांनी ठसा पाहिला, भिंग मागितलं, इंजिन पाहिलं आणि बॉनेट हळूच खाली ठेवलं.

"काका, तुम्ही सांगताय ते मी ऐकलं. पण हे इंजिन चोरीचं नाही हे मी कशावरून मानू? भंगारवाल्याची पावती आहे?"

"तो मेला. पावती त्येच्या आदी गेली."

"मग मूळ नंबर पाहिजे. तो तर तुम्ही पुसून टाकलाय. मूळ नंबर मिळाला नाही तर गाडी इथं जप्त होईल आणि तुमच्यावर गुन्हा नोंदवावा लागेल. वय बघून सोडता येत नाही मला."

जप्ती, गुन्हा हे शब्द मालकांनी शांतपणे ऐकले. पण 'पुसून टाकलाय' म्हटल्यावर ते ताठ झाले. त्यांचे कान लाल झाले.

"पुसला? मी? सायेब, नाव बदललंय. मूळ पुसंन मी?" त्यांचा आवाज एवढा चढला की बाजूच्या रांगेतले रिक्षावाले बघायला लागले. "आडवं व्हा."

"काय?"

"गाडीखाली आडवं व्हा. आवो व्हा की, कापडं धुता येत्यात."

त्यांनी जीपच्या मागच्या नळाखाली फडकं भिजवलं, पिळलं आणि साहेबांच्या हातात दिलं. माझ्या नवऱ्यानं पोतं अंथरलं. साहेबांनी टोपी काढून माझ्याकडं दिली आणि खरंच जीपखाली गेले. मालक वाकून सांगत होते, "डावीकडं. आजून. तेलाच्या टाकीच्या वरची कड. पुसा. जोरात पुसा, बऱ्याच वर्साचं वंगण हाय."

पुसल्याचा आवाज आला. मी टोपी हातात धरून उभी होते. माझा जीव माझ्या हिशेबाच्या बाहेर गेला होता.

"सापडला," खालून आवाज आला. थोड्या वेळानं, "वर 'मूळ' असं लिहिलंय."

"छिन्नीनं घातलंय," मालक म्हणाले.

"ह्यातला चार असा का दिसतोय?"

"लंगडा आहे," मी म्हटलं. "पण चारच आहे."

त्यावर भागलं नाही. साहेबांनी त्या नंबराचा ठसा घेतला, पत्रं पाठवली, आणि उत्तर येईपर्यंत जीप आरटीओच्या आवारात ठेवून घेतली. मालक रोज सकाळी तिथं जायचे. फडक्यानं काच पुसायचे, घंटा एकदा वाजवायचे आणि परत यायचे. वॉचमननं हटकलं तेव्हा म्हणाले, "पोर ताब्यात हाय. भेटून जातो." मला मात्र झोप नव्हती. लोखंड घासून गेलं होतं, पुरावा म्हणून उरला होता तो यांच्या हातचा नंबर. एक आकडा जरी चुकला असेल तर? मी न राहवून विचारलं, "मालक, नंबर ठोकताना नक्की बघून ठोकला होता ना?"

ते माझ्याशी बोलायचे थांबले. जिन्यात भेटले तर पायरीकडं बघायचे.

अखेर उत्तर आलं. इंजिन सरकारी लिलावातल्या जीपचंच निघालं, चोरीची तक्रार कुठंच नव्हती. आकडे सगळे बरोबर होते. साहेबांनी आम्हाला बोलावून पुढचं सांगितलं. दंड भरावा लागेल. इंजिन बदलल्याची नोंद होईल आणि बुकात मूळ नंबर चढेल. सलूनची खुर्ची काढावी लागेल. "घंटा राहू दे, पण हॉर्नच्या जागी घंटा चालणार नाही, हॉर्न हॉर्नच पाहिजे." आणि वरचा ठोकलेला नंबर खोडावा लागेल.

पहिल्या चार गोष्टींना मालक मान हलवत होते. पाचवीला थांबले.

"दत्तक मोडत न्हाई, सायेब."

"काका..."

"कायदा हाय. एकदा दत्तक झालं की रद्द हुत न्हाई. बापाला न्हाई करता येत आन् पोरालाबी न्हाई. वकिलाला इचारा."

साहेबांना ते खरं असल्याचं माहीत असावं. "तो माणसांचा कायदा झाला," ते म्हणाले.

"मग ह्यो कुणाचा हाय?"

साहेब पहिल्यांदा हसले. मालकांनी जीपमधल्या हत्यारांतनं छिन्नी काढली, पण ती हातात धरून ते नुसते उभे होते. शेवटी साहेबांनीच ती घेतली आणि स्वतः वाकून रेघ मारली. मी नंतर भिंगातून पाहिली. रेघ आहे, नियमात बसते, पण इतकी हलकी की खालचा नंबर सरळ वाचता येतो. आम्ही निघताना साहेबांनी माझ्याकडं बघून विचारलं, "फाटकात पिशवीत टाकलात त्या पुड्यात काय होतं त्या दिवशी?" मी म्हटलं, पेढे. ते म्हणाले, "बरं केलं पिशवीतच ठेवलेत."

त्या संध्याकाळी मालक माझ्याशी पुन्हा बोलायला लागले. मी सोप्यात बसले होते, काकी चहा टाकत होत्या. मी विचारलं, "नंबर बदललाच होता, तर जुना कशाला जपून ठेवलात? खाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी?"

हात लांब करून त्यांनी आपला पितळी तांब्या घेतला, उरलेलं पाणी तुळशीत ओतलं आणि तांब्या माझ्यासमोर पालथा ठेवला.

बुडाला नाव होतं. पंचाचं नाही, छिन्नीचं नाही. खिळ्यानं कोरलेलं, वाकडंतिकडं, लहान मुलाच्या हातचं. मी ते नाव त्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

"हे कोण?"

"मी," मालक म्हणाले. "आजऱ्यात आसताना. ह्या घरात चुलत्याला पोर नव्हतं. मला आणलं, मांडीवर बसवलं, नवं नाव ठेवलं. आदल्या दिशी थोरल्यानं खिळा दिला. म्हणाला, घाल, न्हाईतर इसरशील."

"थोरला म्हणजे?"

"पावणं."

काकी चहा घेऊन आल्या होत्या आणि दारातच थांबल्या होत्या.

"दत्तक गेल्यावर भाऊ म्हणायचं न्हाई, आसं चुलत्यानं सांगितलंतं," मालक म्हणाले. "लेकरू हुतो, ऐकलं. मग सवय झाली." तांब्या सरळ करून त्यांनी तो जागेवर ठेवला. "च्या घ्या, बाई. गार हुतोय."

मालक गेले त्याला आता वर्ष होत आलं. आजारी न पडता गेले, सकाळी खुराड्याचं दार उघडून बसले ते तसेच. तेराव्याला आमच्याकडं भांडी वाटायची पद्धत आहे, गेलेल्या माणसाचं नाव घालून. काकींनी ते काम मला दिलं, मोजदाद चुकायला नको म्हणून. मी दुकानात जाऊन स्टीलचे डबे ठरवले आणि नावं घालणाऱ्या माणसाला दोन नावं लिहून दिली. एक डब्यावर घालायचं. दुसरं बुडाला.

"बुडाला कोण वाचतंय, मॅडम?" तो म्हणाला. "मशीन धरायला बी नीट येत न्हाई तितं."

"सगळ्यांच्या नको," मी म्हटलं. "एकाच डब्याच्या."

तेराव्याला आजऱ्याचं पावणं आले होते. मांडवात एका कडेला बसले होते, पाव्हण्यांच्यात. जेवणं झाल्यावर काकींनी तो डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी वरचं नाव वाचलं आणि मान हलवली. मग त्यांनी डबा उलटा केला.

बुडावरच्या अक्षरांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

त्यांना स्टँडवर सोडायला आम्ही जीप काढली. नवऱ्यानं वळणावर हॉर्न वाजवला, तेव्हा म्हाताऱ्यांनी मागून हात वर करून दोरी धरली आणि घंटा वाजवली. मी वळून पाहिलं. डबा त्यांच्या मांडीवर होता. पालथा, बुडाचं नाव वर येईल असा.